संप्रेरकाचे नाव आणि कोंबडीची साक्ष

भौतिकशास्त्रात राशीचे नाव तिच्या व्याख्येला बांधलेले असते. संप्रेरकाला मात्र नाव मिळते ते बहुधा पहिल्या प्रयोगातून, आणि तो प्रयोग ज्या प्राण्यावर झाला त्याच्या शरीराची मर्यादा त्या नावात मुरून राहते. पक्ष्यांतील वाढसंप्रेरकाच्या नियमनाचा इतिहास याचा उत्तम दाखला आहे.

१९६९ साली रॉजर गिलेमिन आणि अँड्र्यू शॅली यांच्या प्रतिस्पर्धी गटांनी, मेंढ्या व डुकरे यांच्या लाखो मेंदूंतील अधश्चेतकाचे तुकडे गाळून, अवघ्या तीन अमिनो आम्लांच्या एका रेणूची रचना उलगडली. तो पीयूषिका ग्रंथीकडून अवटू-उद्दीपक संप्रेरक सोडवतो, म्हणून त्याचे नाव ‘थायरोट्रोपिन-मोचक संप्रेरक’, म्हणजे टीआरएच. १९७३ मध्ये गिलेमिन यांच्याच प्रयोगशाळेत वाढसंप्रेरकाला लगाम घालणारे सोमॅटोस्टॅटिन सापडले. १९७७ साली दोघांनाही नोबेल पारितोषिक मिळाले. वाढसंप्रेरकाचा खास मोचक मात्र १९८२ पर्यंत हाती लागला नव्हता.

दरम्यान १९७८ साली ब्रिटनमधील स्टीव्ह हार्वे, कॉलिन स्केन्स आणि सहकाऱ्यांनी कोंबड्यांना टीआरएच टोचले, तेव्हा त्यांच्या रक्तातील वाढसंप्रेरक वाढले. निरोगी माणसात सहसा असे घडत नाही. ‘अवटू’चा म्हणून ओळखला गेलेला रेणू पक्ष्यांत वाढीच्या कारभारातही हात घालत होता.

पुढे या साखळीचे दुसरे टोकही दिसले. कोंबडीच्या यकृतात टी-३ हे अवटू संप्रेरक नष्ट करणारे एक विकर असते. वाढसंप्रेरक त्या विकराला आवरते, त्यामुळे रक्तातील टी-३ वाढते; आणि वाढलेले टी-३ उलट वाढसंप्रेरकाचाच स्राव दाबते. भौतिकशास्त्राचा विद्यार्थी याला ऋण प्रतिसंभरण म्हणेल.

या वर्तुळाची परीक्षा निसर्गानेच घेऊन ठेवली आहे. लिंगसंलग्न बुटक्या कोंबड्यांत वाढसंप्रेरकाचा ग्राही सदोष असतो. त्यांच्या रक्तात वाढसंप्रेरक भरपूर असते, पण टी-३ कमी आणि शरीर खुजे. निरोप निघतो, पण तो वाचणारा कोणी नसतो. म्हणून निरोप थांबवणाराही उरत नाही. असे बुटके वाण आपल्याकडे हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयातही जोपासले जाते. लहान शरीराच्या मादीला खाद्य कमी लागते, हे त्यामागचे व्यावहारिक गणित.

१९९९ साली जपानमध्ये उंदराच्या जठरातून घ्रेलिन सापडले आणि ‘भुकेचे संप्रेरक’ म्हणून गाजले. कोंबडीत ते वाढसंप्रेरक वाढवते खरे, पण भूक मात्र कमी करते.

पाठ्यपुस्तकात एका संप्रेरकापुढे एकच बाण काढलेला असतो. परीक्षेसाठी तो जरूर पाठ करावा. मात्र तो कोणत्या प्राण्यावरून काढला, हेही शेजारी लिहून ठेवावे. नाव हा शोधाचा पहिला अंदाज असतो, अंतिम निकाल नव्हे.