बाबाशाही ते बिटकॉइन : नाणे, पत आणि बांहेधरी



या स्मृतिव्याख्यानमालेत बोलण्याची संधी मला दिलीत, याबद्दल मी शाळेचा ऋणी आहे. ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही माला चालते, ते इतिहास शिकवताना सनावळीपेक्षा हिशेबाकडे अधिक लक्ष देत. राज्य कोणी जिंकले हे विचारून झाले, की त्याचा खर्च कोणी भागवला हे ते हमखास विचारीत. म्हणून आज मी लढाईचा नव्हे, तर नाण्याचा इतिहास सांगणार आहे. त्यातही विषय असा घेतला आहे, की ज्याची चर्चा मांजलपूरच्या सोसायट्यांच्या ओट्यांवर आणि मकरपुऱ्याच्या कारखान्यांतील चहाच्या सुट्टीत हल्ली नित्य चालते. तो विषय म्हणजे क्रिप्टो, अर्थात कूटचलन. मी अर्थशास्त्रज्ञ नाही. इतिहासाचा अभ्यासक आहे. तेव्हा भाव चढेल की उतरेल हे मी सांगणार नाही. या प्रश्नावर बडोद्याचा इतिहास काय प्रकाश टाकतो, एवढेच पाहणार आहे.

प्रथम एक भेद स्पष्ट करू. पैसा दोन कामे करतो. त्याने देणे भागते आणि त्यात बचत साठवता येते. ही दोन्ही कामे एकाच नाण्याने करावीत अशी आपली अपेक्षा असते. परंतु ज्या नाण्याचा भाव रोज विचारावा लागतो, ते नाणे देण्याघेण्याला अडचणीचे होते. भाव चढेल असे वाटले, तर ते कोणी हातचे सोडत नाही. भाव पडेल असे वाटले, तर ते कोणी घेत नाही. ही गोष्ट आपल्या आजोबा-पणजोबांना पुस्तकातून शिकावी लागली नाही. ती त्यांनी बाबाशाही रुपयात अनुभवली.

गायकवाडांच्या राज्याची स्वतःची टांकसाळ होती. सुरुवातीच्या नाण्यांवर नाव दिल्लीच्या बादशहाचे असे आणि गायकवाड राजाची खूण म्हणून कोपऱ्यात एखाददुसरे नागरी अक्षर असे. सत्ता एकाची आणि पत दुसऱ्याच्या नावाची, असा हा व्यवहार होता. १८५७ नंतर बादशहाच गेला आणि खंडेराव महाराजांच्या काळात त्याचे नावही नाण्यावरून गेले. पुढे तिसऱ्या सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत यंत्रावर पाडलेली, महाराजांची मुद्रा असलेली सुबक नाणी निघाली. आज ती संग्राहकांच्या पेटीत दिसतात. या बाबाशाही रुपयात इंग्रजी कलदार रुपयापेक्षा चांदी कमी असे. त्यामुळे शंभर कलदार घ्यायचे, तर शंभराहून अधिक बाबाशाही मोजावे लागत. हा फरक म्हणजे वटाव. शिवाय गायकवाडी मुलूख सलग नव्हता. नवसारी, कडी, अमरेली हे प्रांत एकमेकांपासून दूर आणि मध्ये इंग्रजी हद्द. हद्द ओलांडली की नाणे बदलायचे, आणि नाणे बदलले की सराफाचा वटाव द्यायचा. सराफ त्यावर जगे आणि कुणबी त्यात भरडला जाई.

यात १८९३ साली मोठी कलाटणी आली. जगभर चांदीचा भाव घसरत होता. त्या वर्षी जूनमध्ये इंग्रज सरकारने आपल्या टांकसाळी लोकांच्या चांदीसाठी बंद केल्या. त्यापूर्वी कोणीही चांदी नेऊन देत असे आणि रुपये पाडून घेत असे. ती वाट बंद होताच कलदार रुपया दुर्मीळ झाला, आणि त्याचे मोल त्यातील चांदीपेक्षा वर चढले. संस्थानी नाण्यांना मात्र असा आधार नव्हता. ती चांदीबरोबर खाली गेली. दोन्ही रुपये चांदीचेच, दिसायलाही जवळजवळ सारखे. पण एकामागे नाण्यांची संख्या रोखून धरणारे साम्राज्य उभे होते, तर दुसऱ्यामागे केवळ बाजार. पाठोपाठ १८९९-१९०० चा छप्पनियाचा भीषण दुष्काळ आला. अखेर १९०१ च्या सुमारास बडोदे सरकारने आपले नाणे बंद करून कलदार रुपया स्वीकारला.

स्वतःच्या मुद्रेचे नाणे बंद करणे ही कोणत्याही राजाला मानहानीची गोष्ट वाटावी. सयाजीराव महाराजांनी ती पत्करली आणि प्रजेची जुनी नाणी ठरलेल्या दराने बदलून देण्याची जबाबदारीही घेतली. बाबाशाही मेला, पण मरताना त्याला वारस होता. या गोष्टीकडे मला आज आपले विशेष लक्ष वेधायचे आहे.

नाण्याला वारस असावा, ही कल्पना बडोद्याला नवी नव्हती. आपण येथील मराठी घरांतून गुजरातीतला 'बांहेधरी' हा शब्द सहज वापरतो. बांहेधरी म्हणजे हमी. या शब्दाला बडोद्याच्या इतिहासात फार वजन आहे. आनंदराव गायकवाडांच्या काळात, म्हणजे १८०० च्या सुमारास, राज्य कर्जात बुडाले होते. सावकार नुसत्या सरकारच्या शब्दावर पैसे देत नसत. अरब शिबंदीचे जमादार हमीदार राहत, तेव्हा थैली सुटे. पुढे शिबंदीचाच थकलेला पगार चुकवून तिला दूर करायचे ठरले, तेव्हा रेसिडेंट वॉकर याच्यामार्फत कंपनीने काही रक्कम दिली, आणि बडोद्याच्या सावकारांनी उरलेली रक्कम कंपनीच्या बांहेधरीवर दिली. ज्याने हमी दिली, त्याच्या हाती पुढे राज्याची सूत्रे गेली, हे आपण जाणताच. हमी फुकट मिळत नाही. तिची किंमत पैशात नाही तर सत्तेत द्यावी लागते. कूटचलनाच्या पुरस्कर्त्यांचा आक्षेप नेमका येथेच आहे, आणि तो पोरकट नाही.

नाण्याशिवाय पैसा हलवण्याची कलाही आपल्याकडे जुनी आहे. हरिभक्तीसारख्या बडोद्याच्या पेढ्यांचे व्यवहार हुंडीवर चालत. दर्शनी हुंडी दाखवताच वटे, मुदती हुंडी ठरल्या दिवसांनी वटे. शाहजोग हुंडीचा पैसा केवळ पतदार शाहूलाच मिळे, म्हणजे चोराच्या हाती ती पडली तरी निरुपयोगी. हुंडी वाटेत हरवली, तर पेढी 'पेठ' लिहून देई. पेठही हरवली, तर 'परपेठ'. कागद हरवला म्हणून पैसा बुडत नसे, कारण कागदामागे माणूस होता आणि त्याच्या चोपडीत नोंद होती.

संस्थानाचे नाणे गेल्यानंतर सात-आठ वर्षांनी, २० जुलै १९०८ रोजी, बँक ऑफ बडोदाची स्थापना झाली. सयाजीराव महाराजांचा आश्रय आणि दहा लाखांचे भांडवल यांवर ती उभी राहिली. पुढच्या परीक्षेला फार वेळ लागला नाही. १९१३ मध्ये हिंदुस्थानात बँका कोसळण्याचे सत्र सुरू झाले. मुंबईची इंडियन स्पेसी बँक चांदीच्या सट्ट्यात बुडाली. ठेवीदारांनी पैसा सुरक्षित राहावा म्हणून ठेवला होता, आणि चालकांनी त्याच पैशावर चांदीचा डाव मांडला होता. बडोद्याची बँक त्या वादळातून तरली. १९६९ मध्ये तिचे राष्ट्रीयीकरण झाले.

याच बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली एक तरुण कोलंबिया विद्यापीठात गेला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचा रुपयाच्या प्रश्नावरील इंग्रजी ग्रंथ १९२३ मध्ये लंडनला प्रसिद्ध झाला. त्यांच्या प्रतिपादनाचे सार असे, की रुपये पाडण्याचा अधिकार सरकारच्या मर्जीवर सोडणे धोक्याचे आहे. त्याला कायमची, आपोआप लागू होणारी मर्यादा हवी. रुपया पडला की व्यापाऱ्याचा फायदा होतो आणि मजुरी-पगारावर जगणाऱ्याची झळ वाढते, हे त्यांनी आग्रहाने मांडले. चलनाच्या संख्येला मर्यादा असावी, हा विचार संगणकाबरोबर जन्मला, असे मानण्याचे कारण नाही. मात्र बाबासाहेबांना ती मर्यादा हवी होती, ती रुपयाची खरेदीशक्ती स्थिर राहावी म्हणून. मर्यादा हे साधन होते, गरिबाच्या भाकरीचा भाव स्थिर ठेवणे हे साध्य होते.

आता बिटकॉइनकडे वळू. ३१ ऑक्टोबर २००८ रोजी, अमेरिकेतील मोठ्या बँका कोसळत असताना, सातोशी नाकामोतो या टोपणनावाने नऊ पानांचा एक निबंध प्रसिद्ध झाला. त्याच्या शीर्षकातच इलेक्ट्रॉनिक रोकडीचा उल्लेख आहे, गुंतवणुकीचा नाही. ३ जानेवारी २००९ रोजी ही व्यवस्था सुरू झाली. तिचे मर्म पेढीच्या भाषेत सांगतो. एकच रोजमेळ, पण त्याची प्रत हजारो संगणकांवर. सुमारे दर दहा मिनिटांनी नोंदींचे एक नवे पान जोडले जाते, आणि प्रत्येक पान मागच्या पानाशी गणिताने असे बांधलेले असते, की जुनी नोंद खोडली तर पुढची सारी पाने चुकतात. पान जोडण्यासाठी संगणकांना प्रचंड आकडेमोड करावी लागते आणि त्याचा मोबदला नव्या नाण्यांत मिळतो. हा मोबदला साधारण दर चार वर्षांनी निम्मा होतो, आणि एकूण नाणी दोन कोटी दहा लाखांपलीकडे जाणार नाहीत. म्हणजे राजा नाही, सराफ नाही, हमीदारही नाही, हमी गणिताची. बुद्धीची ही कामगिरी थोर आहे, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे.

परंतु रोकड म्हणून तिचे काय झाले? २२ मे २०१० रोजी अमेरिकेत एका गृहस्थाने दहा हजार बिटकॉइनच्या बदल्यात दोन पिझ्झा मिळवले. आज तो व्यवहार जगभर सांगितला जातो, तो दळणवळणाचा विजय म्हणून नव्हे, तर केवढे धन गमावले म्हणून! ज्या नाण्याचा खर्च केल्याबद्दल पुढे हळहळ वाटते, ते नाणे बाजारात फिरत नाही. एल साल्वादोर या देशाने सप्टेंबर २०२१ मध्ये बिटकॉइनला कायदेशीर चलनाचा दर्जा दिला. जानेवारी २०२५ मध्ये कायदा बदलून ते स्वीकारण्याची सक्ती काढून टाकावी लागली. बिटकॉइनच्या मूळ जाळ्यात सेकंदाला जेमतेम सात व्यवहार मावतात. आपल्याकडे भाजीवाल्या मावशी २०१६ पासूनच्या यूपीआयवर दहा रुपये क्षणात घेतात, आणि त्यामागे बँक व रिझर्व्ह बँक उभी असते.

देण्याघेण्यासाठी कूटचलनाच्या जगात आज प्रामुख्याने वापरली जातात ती डॉलरशी जखडलेली नाणी. म्हणजे हमीदाराला दारातून घालवले आणि तो खिडकीतून परत आला. त्यातही मे २०२२ मध्ये टेरा नावाच्या व्यवस्थेचे डॉलर-नाणे कोसळले, कारण त्यामागे तिजोरी नव्हती, केवळ दुसऱ्या नाण्याचा आधार होता.

गुंतवणूक म्हणून पाहू. नोव्हेंबर २०२१ मध्ये एक बिटकॉइन ६९ हजार डॉलरच्या घरात होते. वर्षभरात ते १६ हजारांच्या आसपास आले. डिसेंबर २०२४ मध्ये त्याने एक लाखाचा टप्पा ओलांडला. ज्यांनी धीराने राखले, त्यांना लाभ झाला, हे खरे आहे. पण शेत पीक देते, घर भाडे देते, कारखाना नफा देतो. बिटकॉइन स्वतः काहीच देत नाही. पुढचा माणूस अधिक मोल देईल, एवढ्याच आशेवर त्याचे मोल उभे आहे. शिवाय सामान्य माणूस नाणे स्वतःच्या किल्लीने राखत नाही, विनिमयपेढीत ठेवतो. तेथे १९१३ चा इतिहास पुन्हा घडतो. नोव्हेंबर २०२२ मध्ये एफटीएक्स ही पेढी ग्राहकांच्या ठेवी वळवल्याने बुडाली. जुलै २०२४ मध्ये भारतातील वझीरएक्समधून सुमारे २३ कोटी डॉलर मोलाची नाणी चोरीस गेली, आणि ग्राहकांची पुंजी वर्षाहून अधिक काळ अडकली. महिन्याला दहा टक्के परतावा कबूल करणाऱ्या 'गेनबिटकॉइन' योजनेविरुद्ध २०१८ मध्ये पुण्यात गुन्हे दाखल झाले. तेथे दोष गणिताचा नव्हता, जुन्याच लोभाचा होता. आणि किल्ली स्वतःजवळ राखणाऱ्याने ती हरवली, तर त्याला पेठ नाही, परपेठही नाही.

कायद्याची स्थिती थोडक्यात अशी. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०१८ मध्ये बँकांना या व्यवहारांपासून दूर राहण्यास सांगितले. ४ मार्च २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते परिपत्रक रद्द ठरवले. १ एप्रिल २०२२ पासून नफ्यावर तीस टक्के कर लागू झाला, आणि एका नाण्यातील तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा करण्याची सोय ठेवली नाही. कर घेतला म्हणून सरकारने हमी दिली, असा समज काहींनी करून घेतला आहे. तो चुकीचा आहे. कूटचलन भारतात कायदेशीर चलन नाही.

माझ्या ओळखीच्या काही तरुणांनी पहिल्या पगारातले, तर काहींनी बहिणीच्या लग्नासाठी साठवलेले पैसे यात घातले आहेत. त्यांना मी मूर्ख म्हणणार नाही. पेढीवाल्याने, बँकेने किंवा सरकारने फसवल्याच्या कथा ऐकतच ते वाढले आहेत. बांहेधरीची किंमत भारी असते, हे आनंदरावांच्या दरबारालाही कळले होते. पण बांहेधरी नसण्याचीही किंमत असते. ती शांत दिवसांत दिसत नाही, छप्पनियात दिसते. म्हणून उद्या कोणी नवे नाणे हाती ठेवले, तर भाव विचारण्यापूर्वी एवढे विचारावे, की हे नाणे मेले तर ते बदलून कोण देणार? बाबाशाहीच्या बाबतीत या प्रश्नाला उत्तर होते. ज्या नाण्याच्या बाबतीत ते नाही, त्यात बुडाला तरी संसार चालेल एवढाच पैसा घालावा.