वस्तीतील रस्त्याची वेगमर्यादा कोण ठरवतो?

दादरा व नगर हवेलीत कारखानदारी वाढली, तशी सिल्वासाची वस्तीही विस्तारली. 2001 च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या 21,893 होती. 2011 च्या जनगणनेत नगरपालिका क्षेत्राची लोकसंख्या 98,265 नोंदली गेली. कारखान्यांची मालवाहतूक, पाळ्या सुटण्याच्या वेळची दुचाकींची गर्दी आणि पर्यटकांच्या गाड्या यांचा भार शहरालगतच्या गावांवरही पडतो. सिंह सफारीसाठी ओळखले जाणारे वासोणा त्यांपैकीच एक. ज्या रस्त्याच्या कडेला घरांची दारे उघडतात, तेथे भरधाव वाहनांविषयी रहिवाशांची तक्रार असणे स्वाभाविक आहे. मात्र अशा तक्रारीत बहुधा एक गोष्ट नजरेआड होते : रहिवाशांना जो वेग जीवघेणा वाटतो, तो कायद्याच्या दृष्टीने मर्यादेच्या आत असू शकतो.

केंद्र सरकारच्या एप्रिल 2018 च्या अधिसूचनेनुसार नगरपालिका हद्दीतील रस्त्यांवर कारसाठी ताशी 70 किलोमीटर, तर दुचाकी व मालवाहू वाहनांसाठी ताशी 60 किलोमीटर ही कमाल मर्यादा आहे. इतर साध्या रस्त्यांसाठीही हेच आकडे आहेत. स्थानिक पातळीवर कमी मर्यादा ठरवलेली नसेल, तर गल्लीतही हीच मर्यादा लागू होते.

वेग आणि थांबण्याचे अंतर

धोका ओळखून ब्रेक दाबण्यास चालकाला एक सेकंद लागतो असे धरले, तर चांगल्या कोरड्या रस्त्यावर ताशी 30 किलोमीटर वेगाची कार सुमारे 13 मीटरमध्ये थांबते. ताशी 60 किलोमीटरच्या कारला सुमारे 36 मीटर लागतात. त्या पहिल्या सेकंदातच ती 16 मीटरहून अधिक अंतर कापते. म्हणजे पहिली कार जेथे उभी राहिली, तेथे दुसरीच्या चालकाने ब्रेकही दाबलेला नसतो. पादचारी व वाहने जेथे एकत्र वावरतात, तेथे ताशी 30 किलोमीटरची मर्यादा असावी, अशी शिफारस फेब्रुवारी 2020 च्या स्टॉकहोम जाहीरनाम्याने केली, ती याच कारणाने.

अधिकार कोणाचा?

मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 112 नुसार सार्वजनिक सुरक्षिततेसाठी किंवा रस्त्याचे स्वरूप पाहून राज्य सरकार अथवा त्याने अधिकृत केलेले प्राधिकरण कमी वेगमर्यादा ठरवू शकते. त्यासाठी राजपत्रात अधिसूचना आणि रस्त्यावर फलक, या दोन्ही गोष्टी आवश्यक आहेत. गोव्यात हा अधिकार राज्य सरकारचा आहे. केंद्रशासित प्रदेशात ‘राज्य सरकार’ या शब्दाचा अर्थ प्रशासक असा या कायद्यातच दिलेला आहे. त्यामुळे नगरपालिकेने किंवा ग्रामपंचायतीने ठराव केला, तरी केवळ त्याने मर्यादा बदलत नाही. अशा ठरावाने मागणीला बळ मिळते. निर्णय प्रशासनाच्या पातळीवरच होतो. आपल्या रस्त्यासाठी अधिसूचना निघाली आहे काय, हे माहिती अधिकार कायदा, 2005 खाली विचारता येते. उत्तरासाठी सर्वसाधारण मुदत 30 दिवसांची आहे.

दंड आणि पुरावा

2019 च्या दुरुस्तीनंतर कलम 183 खाली वेगमर्यादा ओलांडल्यास हलक्या वाहनासाठी 1,000 ते 2,000 रुपये, तर मध्यम व अवजड मालवाहू किंवा प्रवासी वाहनासाठी 2,000 ते 4,000 रुपये दंड आहे. मात्र ‘गाडी फार वेगात होती’ एवढ्या एकाच साक्षीदाराच्या मतावर या कलमाखाली शिक्षा होत नाही. ते मत यांत्रिक किंवा इलेक्ट्रॉनिक साधनाने केलेल्या मोजणीवर आधारलेले असावे लागते. धोकादायक रीतीने वाहन चालवण्यासंबंधीचे कलम 184 वेगळे आहे. त्यात रस्त्याचा वापर, त्याची स्थिती व तेथील वर्दळ या साऱ्यांचा विचार होतो. अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केल्यास कलम 199 अ खाली पालक किंवा वाहनमालक जबाबदार धरला जातो. त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कारावास व 25,000 रुपये दंडाची तरतूद आहे.

गतिरोधकाचे माप

प्रशासनाकडून दाद न मिळाल्यास रहिवासी स्वतःच सिमेंटचा उंचवटा घालतात. असा अरुंद, टोकदार व न रंगवलेला उंचवटा रात्री दुचाकीस्वाराला पाडतो आणि रुग्णवाहिकेतील रुग्णाला हादरे देतो. भारतीय रस्ते काँग्रेसच्या मार्गदर्शक तत्त्वांतील गोलाकार गतिरोधक 3.7 मीटर रुंद व 10 सेंटिमीटर उंच असतो. वाहनाने तो ताशी सुमारे 25 किलोमीटर वेगाने सुखरूप ओलांडावा, हा त्यामागील हिशेब आहे. त्यावर काळे-पांढरे पट्टे आणि अलीकडे सूचनाफलक अपेक्षित आहे. रुंद व सरळ रस्ता चालकाला वेग वाढवण्यास उद्युक्त करतो; म्हणून चौकातील वळणे आवळणे, पादचारी मार्ग उंच करणे हेही उपाय आहेत.

अर्जात काय असावे?

रस्त्याच्या कडेला 50 मीटरचे अंतर आखून घड्याळ लावले, तरी वेगाचा ढोबळ अंदाज येतो. वाहनाने ते अंतर सहा सेकंदांत कापले, तर वेग ताशी 30 किलोमीटर; तीन सेकंदांत कापले, तर 60. ही नोंद दंडासाठी पुरावा ठरत नाही, परंतु अधिकृत पाहणीच्या मागणीला आधार देते. दिवस, वेळ, वाहनांचा प्रकार, शाळा-अंगणवाडीचे अंतर आणि यापूर्वीचे अपघात यांचा तपशील तिला जोडावा. मर्यादेची अधिसूचना प्रशासनाकडे, रस्त्याची रचना नगरपालिका, ग्रामपंचायत किंवा बांधकाम विभागाकडे आणि अंमलबजावणी पोलिसांकडे, अशी मागणीची विभागणी केल्यास जबाबदारी टोलवली जात नाही. डांबराचा नवा थर पडला की गतिरोधक बुजतो, पट्टे पुसले जातात आणि वाहनांचा वेग पुन्हा वाढतो. म्हणून डांबरीकरणानंतर गतिरोधक, पट्टे व फलक पूर्ववत करण्याची अटही त्याच अर्जात घातलेली बरी.