पाठदुखीवरील उपचारांची कसोटी : लोणावळ्यापासून आजपर्यंत

लखनौच्या मानक नगरात भारतीय रेल्वेची ‘आरडीएसओ’ ही संस्था आहे. १९५७ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेत रेल्वेच्या डब्यांचे आणि सुट्या भागांचे मापदंड ठरतात. माणसाच्या पाठीवर आणि मानेवर होणाऱ्या उपचारांना असे मापदंड मिळण्यास मात्र बराच काळ जावा लागला. शेक, मालीश, पट्टा, वजन लावून ताण देणे, सक्तीची विश्रांती हे सारे उपाय प्रामुख्याने अनुभवाच्या आधारावर चालत आले.

महाराष्ट्रात या दिशेने पहिले पाऊल लवकर पडले. स्वामी कुवलयानंद यांनी १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन केले आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू केले. आसने व क्रिया करताना शरीरात काय घडते, हे त्यांनी क्ष-किरण आणि रक्तदाबमापन यांच्या साहाय्याने नोंदविले. योगाला प्रयोगशाळेत आणण्याचे श्रेय त्यांचेच. परंतु आसनाने शरीरात बदल होतो, एवढ्यावरून दुखणे बरे होते असे सिद्ध होत नाही. बहुतेक नवी पाठदुखी काही आठवड्यांत आपोआप उतरते. रुग्णही वेदना शिगेला पोचल्यावरच उपचार घेतो. त्यामुळे त्यानंतर काहीही केले तरी ते लागू पडल्यासारखे वाटते. म्हणूनच चिठ्ठ्या टाकाव्यात तशा यादृच्छिक पद्धतीने रुग्णांचे गट पाडून त्यांची तुलना करावी लागते.

१९३७ मध्ये पुण्यात आलेल्या बी. के. एस. अय्यंगार यांची योगपद्धती पुढे या कसोटीला उतरली. ब्रिटनमध्ये २०११ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत जुनाट पाठदुखीच्या ३१३ रुग्णांपैकी निम्म्यांना बारा आठवड्यांचे योगवर्ग देण्यात आले. त्यांची हालचाल व दैनंदिन कामे सुधारली. वेदनेत मात्र दोन्ही गटांत लक्षणीय फरक आढळला नाही. त्याच वर्षी अमेरिकेतील २२८ जणांच्या चाचणीत योग आणि साधे ताणाचे व्यायाम सारखेच उपयोगी ठरले. कॉक्रेनने २०२२ मध्ये २१ चाचण्यांतील २,२२३ रुग्णांची माहिती एकत्र तपासली. व्यायाम न करणाऱ्यांच्या तुलनेत योगाचा लाभ होता, पण अल्प. इतर व्यायामांच्या तुलनेत फारसा फरक नव्हता. शिवाय आपण योग करीत आहोत हे रुग्णाला ठाऊक असते. त्याची अपेक्षाच उत्तरांत उतरण्याचा धोका अशा प्रत्येक चाचणीत राहतो.

हीच कसोटी इतर उपायांना लावली तेव्हा काही रूढ समजुती ढासळल्या. फिनलंडमधील १९९५ च्या चाचणीत अंथरुणाला खिळून राहिलेल्यांपेक्षा झेपेल तशी नित्याची कामे करणारे लवकर बरे झाले. ऑस्ट्रेलियात २०१४ मध्ये सुमारे १,६५० रुग्णांवर झालेल्या चाचणीत पॅरासिटामॉल औषधाविना गोळीपेक्षा सरस ठरले नाही. नव्या पाठदुखी-मानदुखीवर अफूजन्य वर्गातील औषधही निरुपयोगी असल्याचे तेथेच २०२३ मध्ये दिसले.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० मध्ये जगात ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखी होती. डिसेंबर २०२३ मध्ये संघटनेने जुनाट कंबरदुखीच्या शस्त्रक्रियेविना उपचारांसाठी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. रुग्णशिक्षण, व्यायाम, मानसोपचार यांना त्यांत स्थान आहे. कमरेचे पट्टे, ताण देणे आणि अफूजन्य औषधे यांचा सरसकट वापर टाळावा, असे त्यांत म्हटले आहे.

या पुराव्याने योगाची किंमत कमी होत नाही. तो अनेक व्यायामांपैकी एक चांगला व्यायाम ठरतो. ज्याला जो व्यायाम परवडेल, रुचेल आणि नेमाने करता येईल, तो त्याने निवडावा. मात्र पायांत अशक्तपणा, जननेंद्रियांभोवती बधिरता किंवा लघवीवरील ताबा सुटणे ही लक्षणे दिसल्यास कोणत्याही व्यायामाची वाट न पाहता तत्काळ रुग्णालय गाठणे आवश्यक आहे.