खिळा, दोरी आणि फेव्हिकॉल

कळव्यात कुठल्याही प्लायच्या दुकानात जा, दुकानदार विचारणार, "साधा देऊ की सातशे दहा?" सातशे दहा म्हणजे मरीन प्लाय. आयएस ७१० हा त्याच्या भारतीय मानकाचा नंबर. तुकडा ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवला तरी थर सुटता कामा नयेत, ही त्याची परीक्षा. आपण तो किचनच्या ओट्याखाली लावतो, पण नाव मात्र बोटीचं!

खऱ्या बोटीत केबिनच्या प्लायला कडेने सागवानी पट्टी लावतात. शोभेसाठी? तेही आहेच. पण मुख्य कारण वेगळं आहे. प्लायची सपाट बाजू पाण्याला बऱ्यापैकी दाद देत नाही, कापलेली कड मात्र पाणी पिते. म्हणून पट्टी नुसती खिळ्यांवर मारून चालत नाही. मधे ग्लूचा सलग थर हवा, नाहीतर फटीतून ओल शिरते आणि झाकलेली कड आतल्या आत कुजते. कळतं तेव्हा उशीर झालेला असतो.

गंमत अशी की सागाला ग्लू सहजासहजी धरत नाही, कारण त्याच्या अंगात तेल असतं. पट्टी घासून, थिनरने पुसून लगेच चिकटवावी लागते. आणि याच तेलापायी एकेकाळी सगळं इंग्लिश आरमार मुंबईच्या सागावर फिदा होतं!

त्यांच्याकडची जहाजं ओकची. ओकमधलं आम्ल लोखंडी खिळे खातं, सागाचं तेल ते सांभाळतं. लवजी नसरवानजी वाडिया १७३६ साली सुरतेहून मुंबईत आले आणि त्यांच्या घराण्याने पिढ्यान् पिढ्या गोदी चालवली. त्यांच्याच गोदीत १८१७ साली पाण्यात उतरलेलं 'ट्रिंकमली' आज इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगतंय. सुरतेकडच्या कामात फळ्या नुसत्या कडेला कड लावून बसवत नसत. खाच पाडून एकीत एक अडकवत. अठराव्या शतकातल्या युरोपीय प्रवाशांनी हे कौतुकाने लिहून ठेवलंय.

आता जरा आपल्या खाडीकडे. शिवाजी महाराजांनी १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी घेतली आणि तिथे जहाजं बांधायला काढली. कामावर पोर्तुगीज कारागीरही होते. पुढे वसईच्या पोर्तुगीजांनी फूस लावली आणि ते काम टाकून निघून गेले. लाकूड इथलं, खाडी इथली, पण हातातली विद्या पायांनी चालत गेली. आमच्या धंद्यात एखादा सीनियर नोटीस देतो तेव्हा काय होतं, ते आठवा :)

खिळ्याच्याही आधी होती दोरी. आपल्या किनाऱ्यावर फळ्यांना भोकं पाडून त्या काथ्याने शिवत. मार्को पोलोने होर्मुझला अशी शिवलेली जहाजं पाहून नाकं मुरडली होती. पण शिवलेली फळी लाटेबरोबर थोडी लवते, आणि काथ्या गंजत नाही. खिळा आला आणि ही विद्या मागे पडत गेली.

ती पुरती गेली नाही. अजिंठ्याच्या एका चित्रातलं पाचव्या शतकातलं जहाज समोर ठेवून गोव्यात तसंच शिवलेलं जहाज बांधलं गेलं. शिवण्याचं काम केरळचे बाबू शंकरन आणि त्यांच्या कारागिरांनी केलं. नौदलाने मे २०२५ मध्ये कारवारला ते दाखल करून घेतलं, नाव 'कौंडिण्य'. त्याच डिसेंबरात ते शिडांवर पोरबंदरहून निघालं आणि जानेवारी २०२६ मध्ये मस्कतला पोचलं.

चित्रात जहाजाचा आकार सापडतो. दोरी किती ओढायची, कुठे थांबायचं, ते चित्रात नसतं. ते कुणाच्या तरी हातात उरलं होतं, म्हणून जहाज तरंगलं. पट्टीचंही तसंच आहे. ७१० चा शिक्का प्लायवर असतो, जोडावर नसतो. जोड सुताराचा. तेव्हा पुढच्या वेळी घरी काम निघालं की "लवकर आवरा" म्हणण्याआधी त्याला पट्टी नीट पुसू द्या.