वडाळ्याचे आश्रयस्थान आणि घोट्याचा सांधा

मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर हॅरी अ‍ॅकवर्थ यांचे नाव मराठी वाचकांस शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्यासह १८९१ साली प्रसिद्ध केलेल्या ऐतिहासिक पोवाड्यांच्या संग्रहामुळे परिचित आहे. परंतु त्याच्या आदल्याच वर्षी, आज वडाळ्यात मोडणाऱ्या आणि त्या काळी माटुंग्याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या भागात बेघर कुष्ठरुग्णांसाठी त्यांनी जे आश्रयस्थान उभारले आणि जे पुढे अ‍ॅकवर्थ रुग्णालय झाले, ते माझ्या मते त्यांचे अधिक मोलाचे कार्य होय. रस्त्यावरील रुग्णांचा बंदोबस्त हा त्यामागचा सरकारी हेतू होता. रुग्णाच्या पायांचा विचार व्हावयास मात्र अर्धशतक लोटावे लागले.

हा व्याधी बहुधा घोट्याच्या सांध्यास प्रथम ग्रासत नाही; गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाने जाणारा मज्जातंतू त्याने सुजविला, की पाऊल वर उचलणारे नडगीपुढील स्नायू दुर्बल होतात, पाऊल लोंबू लागते, आणि ज्या पोटरीस आता प्रतिस्पर्धीच उरला नाही ती दिवसेंदिवस आखडत जाऊन टाचेमागील कंडरा आखूड करून टाकते. पुरते ताणलेच न जाणारे स्नायू आपले बळही गमावतात; चालताना गुडघा उंच उचलावा लागल्याने सारा शीण मांडीवर व कमरेवर येतो; बधिर तळव्याचा पुढचा भाग भार सोसून व्रणांनी चिघळतो; आणि ज्या समाजात चूल, धुणे, शेत व शौच ही सारी उकिडवे बसूनच व्हावयाची, तेथे टाच न टेकणाऱ्या माणसाचा संसारच अडतो.

कडू कवठाच्या तेलाने, आणि १९४० नंतरच्या दशकांत आलेल्या डॅप्सोनच्या गोळ्यांनीही, मेलेला मज्जातंतू जिवंत होत नव्हता. वेल्लोर येथे डॉ. पॉल ब्रँड यांनी आणि मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. नोशिर अंटिया यांनी शस्त्रक्रियेचा मार्ग चोखाळला, त्यात नडगीमागील एका धडधाकट स्नायूची कंडरा पुढे आणून पावलास जोडीत. परंतु घोटा आधी मोकळा केलेला नसेल, तर त्या स्नायूचे सारे सामर्थ्य आखडलेल्या पोटरीशी झुंजण्यातच खर्ची पडते. म्हणून शस्त्रक्रियेपूर्वी पोटरी ताणणे, आणि नंतर त्या स्नायूस त्याचे नवे काम शिकविणे, हा व्यायामशिक्षकाचा भाग शल्यविशारदाच्या सुरीइतकाच निर्णायक ठरला. शस्त्रक्रिया न लाभलेल्यांसही गुडघा सरळ ठेवून, पावलाखालून घेतलेल्या कापडी पट्टीने ते रोज स्वतःकडे ओढण्यास शिकवीत.