नर्गिसचा कांदा आणि कुदळीचा इतिहास

मुसलमानांचा इतिहास म्हटला की लढाया, तख्त आणि किल्ले डोळ्यांसमोर येतात. हा इतिहास खोटा नाही, पण अपुरा आहे. तलवारीऐवजी कुदळ हाती धरणाऱ्यांचाही एक इतिहास आहे. नर्गिसच्या मागोमाग गेलं की तो सापडतो.

डॅफोडिल हे नर्गिसच्याच कुळातलं फूल. उर्दू-फारसी शायरीत नर्गिस म्हणजे डोळे. नवव्या शतकात बगदादचा कवी इब्न अल-रूमी याने तर नर्गिसला गुलाबापेक्षा श्रेष्ठ ठरवलं. पण फूल शेरात येण्याआधी कुणीतरी मातीत त्याचा कांदा पुरलेला असतो. त्या माणसाचं नाव सहसा उरत नाही.

इब्न बस्सालचं मात्र उरलं. अकराव्या शतकात स्पेनमधल्या तोलेदो शहरात अल-मामून राज्य करत होता. इब्न बस्साल त्याच्या बागेचा जाणकार. हजला गेला तेव्हा वाटेत सिसिली आणि इजिप्तची शेतीही त्याने पाहिली. माती, पाणी, खत, भाजीपाला, सुवासिक झाडं यांवर त्याने स्वतःच्या अनुभवातून ग्रंथ लिहिला. 1085 मध्ये सहाव्या अल्फोन्सोने तोलेदो घेतलं. इब्न बस्साल सेव्हिलला आला आणि तिथल्या राजाच्या बागेत पुन्हा कामाला लागला.

पुढच्या शतकात सेव्हिलच्याच इब्न अल-अव्वामने त्याचं आणि इतरांचं ज्ञान ‘किताब अल-फिलाहा’त एकत्र केलं. त्यात 585 वनस्पती आहेत, नर्गिसही आहे. 1248 मध्ये सेव्हिलही मुसलमानांच्या हातून गेलं. पण 1802 मध्ये माद्रिदला याच ग्रंथाचं स्पॅनिश भाषांतर छापलं गेलं, तेही बांकेरी नावाच्या पाद्र्याच्या हातून. राज्यं गेली, तरी शेतीचं ज्ञान सगळ्यांनाच हवं होतं.

हे काम धीराचं आहे. थंडीआधी कांदा त्याच्या उंचीच्या दोन-तीनपट खोल लावायचा, टोक वर ठेवून. पाणी साचू द्यायचं नाही, नाहीतर तो कुजतो. फूल सुकलं तरी पात कापायची नाही. ती पिवळी पडेपर्यंत कांद्यात पुढच्या वर्षाची शिदोरी भरत असते. हा कांदा विषारी असतो, म्हणून स्वयंपाकघरापासून लांब ठेवावा. बहुतेक डॅफोडिलना कडक थंडी लागते, त्यामुळे आपल्याकडे ते रुसतात. पांढऱ्या झुपक्यांच्या ‘पेपरव्हाइट’ जातीला मात्र त्या थंडीची गरज नसते. हिवाळ्याच्या तोंडावर कुंडीत लावून पाहता येईल.

आपल्या मुलांना सुलतानांची नावं पाठ असतात. कुणाचं राज्य कधी बुडालं, हेही ती सांगतात. कांदा लावताना त्यांना इब्न बस्सालचंही नाव सांगावं. शहर सोडावं लागल्यावरही ज्याने बाग सोडली नाही, तोही आपलाच पूर्वज आहे.