पाळीच्या कळा आणि गोळीशिवाय आराम: हीट पॅच, टेन्स मशीन कसं काम करतं? नागपूरच्या उन्हात काय टिकतं?

पाळीच्या पहिल्या-दुसऱ्या दिवशी ओटीपोटात कळा येतात, त्यामागे प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं असतात. ती गर्भाशयाच्या स्नायूंना आकुंचन पावायला लावतात. आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या ही रसायनं तयार होणंच कमी करतात. पण अल्सर, किडनीचा त्रास किंवा दमा असेल तर त्या प्रत्येकीला चालतीलच असं नाही. गोळीशिवायच्या उपकरणांची ऑनलाइन गर्दी आहे खरी, पण आत पाहिलं तर बहुतेकांत दोनच गोष्टी निघतात: शेक किंवा सौम्य करंट.

शेक

२००१ साली 'ऑब्स्टेट्रिक्स अँड गायनॅकॉलॉजी' या नियतकालिकात एक अभ्यास आला. पोटावर ३८.९ अंश सेल्सिअसचा पॅच रोज १२ तास, असे दोन दिवस लावला. दिवसातून तीनदा ४०० मिलिग्रॅम आयबुप्रोफेन घेतल्यावर जितका आराम पडतो, साधारण तितकाच पडला. आकडा नीट बघा. ३९ अंश म्हणजे ताप आलेल्या अंगाइतकं गरम. चटके बसेपर्यंत शेकायची गरजच नाही. उलट खूप गरम पिशवी वारंवार ठेवली तर त्वचेवर जाळीसारखे तपकिरी डाग पडतात.

पॅचच्या आत लोखंडाची पूड, मीठ, कोळशाची भुकटी आणि थोडं पाणी असतं. पाकीट फोडलं की हवा लागते, लोखंड गंजायला लागतं आणि उष्णता निघते. तवा गंजतो तीच क्रिया, फक्त वेगात. हवा किती आत जाईल यावर तापमान ठरतं. चार्जिंग नको, गिझर नको, कपड्यांखाली दिसतही नाही, म्हणजे वर्गात किंवा सिटी बसमध्येही चालतो. मुंबईची नुआ कंपनी असे पॅच विकते. तोटा एकच, पण मोठा: एकदा वापरला की कचऱ्यात. दर महिन्याचा खर्च मोजूनच ठरवा.

पुन्हा वापरायचा असेल तर सोडियम ॲसिटेटचा पॅक मिळतो. आतली धातूची चकती दाबली की द्रव गोठतो आणि गरम होतो. नंतर उकळत्या पाण्यात ठेवला की पुन्हा तयार. मात्र त्याची ऊब पॅचइतकी टिकत नाही, आणि सुरुवातीला तो ५० अंशांच्या वर जातो, म्हणून मध्ये कापड हवंच.

टेन्स

पोटावर किंवा कमरेवर जेलचे पॅड चिकटवायचे आणि छोट्या मशीनमधून झिणझिण्या सोडायच्या. १९६५ मध्ये मेलझॅक आणि वॉल यांनी मांडलेला 'गेट' सिद्धांत यामागे आहे: झिणझिण्यांचे संदेश मज्जारज्जूत वेदनेच्या संदेशाची वाट अडवतात. पाळीसाठी साधारण ५० ते १२० हर्ट्झची सेटिंग वापरतात. पेसमेकर असेल किंवा गरोदरपणाची शंका असेल तर लावू नका.

नागपूरकरांसाठी खरी अडचण वेगळीच आहे. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असतो आणि घामावर जेल चिकटत नाही. त्वचा धुऊन, कोरडी करूनच पॅड लावा. पॅड झिजतात, म्हणून घेण्याआधी त्याची पिन नेहमीची आहे का ते विचारा. फक्त त्याच कंपनीचे पॅड चालत असतील तर कंपनी बंद पडल्यावर मशीन भंगारात जाईल.

'सगळ्यांसाठी' म्हणजे कुणासाठी?

२०१९ मध्ये बीड जिल्ह्यात ऊसतोड करणाऱ्या कितीतरी बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याचं समोर आलं आणि राज्य सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. फडावर एक खाडा म्हणजे दंड, मग पाळीचं दुखणं थेट मजुरीवर येतं. ब्लूटूथ, ॲप आणि इंग्रजी सूचना असलेला पट्टा तिथे काय कामाचा? माझ्या मते डिझाइनची खरी परीक्षा तिथेच आहे: ॲपशिवाय चालणारं, हाताला लागणारी बटणं असलेलं, मराठीत आणि चित्रांत सूचना दिलेलं, वाकून काम करताना न सरकणारं. न दिसणाऱ्या मुलींनाही अशीच बटणं लागतात.

१ एप्रिल २०२० पासून भारतात सगळी वैद्यकीय उपकरणं औषध कायद्याखाली आली आहेत. टेन्स घेताना खोक्यावर परवाना क्रमांक आणि उत्पादकाचा पत्ता बघा. कुठलाही पॅच किंवा पट्टा लावून झोपू नका. दुखणं दर महिन्याला वाढत असेल, पाळी नसतानाही दुखत असेल किंवा कॉलेज बुडत असेल तर एंडोमेट्रिओसिससारखं कारण असू शकतं. त्यासाठी मेडिकल, मेयो किंवा डागा रुग्णालयात दाखवा.